नाहीतर बापासारखा टेस्टर घेऊन फिरशील

नमस्कार बाई,

मी भांडुपला राहते. मिस्टर इलेक्ट्रिशियन आहेत. वायरिंगची कामं घेतात, शिवाय पंखे, गीझर, पाण्याची मोटर, जे येईल ते. मी घरून पोळीभाजीचे डबे देते. मुलगा नववीत आहे, मराठी माध्यमात. सहामाहीला गणितात 38 टक्के पडले, विज्ञानात 41. पण दर रविवारी वडिलांबरोबर कामाला जायचा आणि तिथलं सगळं त्याला बरोबर समजतं.

पालकसभेला आम्ही दोघं गेलो होतो. वर्गशिक्षक सगळ्यांसमोर मुलाला म्हणाले, "अभ्यास कर, नाहीतर बापासारखा टेस्टर घेऊन फिरशील." ज्या पंख्याखाली ते उभे होते तो पंखा गणपतीआधी ह्यांनीच दुरुस्त करून दिला होता, एक पैसा न घेता. हे काही बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून मुलाला कामावर नेणं बंद. आता एका क्लासची फाउंडेशन बॅच बघून आलेत, दोन वर्षांचे 1 लाख 40 हजार. पतपेढीचा फॉर्मही आणलाय. म्हणतात, मी वायरी ओढल्या, त्याने ओढायच्या नाहीत. मुलगा म्हणतो, सगळी उत्तरं मोबाईलवर मिळतात, मग शाळेचा उपयोग काय?

बाई, शिक्षण नक्की कशासाठी द्यायचं असतं? आणि कर्ज काढू का?

– एक आई, भांडुप

ताई,

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण फॉर्मवर सही झाली की माझ्या उत्तराला अर्थ उरणार नाही. कर्ज काढू नका.

ज्या मुलाचं शाळेचं गणित पक्कं आहे आणि ज्याला पुढे जेईईच्या रांगेत उभं राहायचं आहे, त्याच्यासाठी फाउंडेशन बॅच असते. तिथे शाळेच्या पुस्तकावर आणखी एक मजला चढवतात. तुमच्या मुलाच्या इमारतीचा सहावी-सातवीचा मजलाच कच्चा राहिलाय. अपूर्णांक, ऋण संख्या, समीकरणात एका बाजूचं दुसऱ्या बाजूला नेणं, यातलं काहीतरी तेव्हा निसटलं असणार. भरलेल्या बॅचमध्ये त्याच्यासाठी कोणी मागे फिरणार नाही. तो शेवटच्या बाकावर बसून दोन वर्षं फळा उतरवून घेईल आणि तुम्ही हप्ते भराल. त्यापेक्षा तुमच्या चाळीत, बिल्डिंगमध्ये कोणी कॉलेजचा मुलगा-मुलगी असेल तर विचारा. आठवड्यातून चार दिवस, एक तास, समोर सातवीचं पुस्तक. हो, सातवीचंच. बालभारतीच्या साइटवर सगळी पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. त्याला लाज वाटेल. पुस्तकाला कव्हर घाला.

आता मास्तरांकडे वळते. त्यांच्यावर चिडायचा मला हक्क नाही, ताई. ते वाक्य मीही म्हटलेलं आहे.

पालिकेच्या शाळेत मी 37 वर्षं शिकवलं. 1991 च्या सुमारास चौथीत एक मुलगा होता. त्याची आई स्टेशनबाहेर भाजी घेऊन बसायची. रुपये-पैशांची उभी वजाबाकी त्याला काही केल्या जमेना. एका दिवशी मी वैतागून सगळ्या वर्गादेखत म्हटलं, "जा, आईशेजारी बस भाजी विकत!" वर्ग हसला. मीही थोडी हसले असेन.

त्याच संध्याकाळी घरी जाताना त्याच्याच आईकडे थांबले. मेथी, अर्धा किलो टोमॅटो, कोथिंबीर. साडेतेरा रुपये झाले. मी वीसची नोट दिली. आई दुसऱ्या गिऱ्हाईकाला तोलत होती, म्हणून सुट्टे पोराने दिले. माझ्या तळहातावर एकेक ठेवत गेला. "हे आठ आणे, चौदा झाले. हा रुपया, पंधरा. ही पाचाची, वीस." माझा हिशेब अजून डोक्यात चालला होता तोवर त्याचा संपलासुद्धा.

दुसऱ्या दिवशी मी त्याला तीच वजाबाकी पाटीवर घातली. वर 20 रुपये 00 पैसे, खाली 13 रुपये 50 पैसे. त्याने उत्तर लिहिलं 13 रुपये 50 पैसे. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करून टाकला, हातचा घ्यायचा त्याच्या गावीच नव्हतं. आणि मग मान वर करून माझ्या तोंडाकडे बघत राहिला, बरोबर आहे का म्हणून. ताई, वीस रुपये देऊन साडेतेराची भाजी घेतली आणि साडेतेराच परत मिळाले, असं त्याच्या दुकानात झालं असतं तर आईने कान धरला असता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण पाटीवरचे रुपये त्याला रुपये वाटतच नव्हते. ते बाईंचे आकडे होते. ते बरोबर की चूक, हे बाईंनीच सांगायचं.

शिक्षण कशासाठी, असं तुम्ही विचारलंत. पाटीवरचा मुलगा आणि भाजीच्या पाटीवरचा मुलगा हा एकच मुलगा व्हावा, एवढ्यासाठी. मला पगार त्याचाच मिळत होता, आणि ते सोडून मी बाकीचं सगळं करत होते.

हे फक्त माझं किंवा तुमच्या मास्तरांचं चुकलं असंही नाही. आपल्याकडची ही व्यवस्था जन्मली तीच चाळण म्हणून. 1857 साली मुंबई विद्यापीठ स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठाचं काम परीक्षा घ्यायची आणि पदव्या द्यायच्या. म्हणजे वर परीक्षा उभी राहिली आणि खालच्या शाळा तिच्याकडे बघून भरत गेल्या. चाळणीला वर काय राहिलं याच्याशी मतलब. जे खाली पडतं त्याला नाव नसतं. त्याला आपण "नाहीतर" म्हणतो. नाहीतर वायरमन होशील, नाहीतर रिक्षा चालवशील, नाहीतर भाजी विकशील. ज्यांच्यावाचून मुंबईचा एक दिवस जात नाही ती सगळी माणसं आमच्या वर्गात "नाहीतर"मध्ये जमा.

याला हरकत घेणारे झाले नाहीत असं नाही. 1882 साली इंग्रज सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. त्यांचं म्हणणं असं की सरकार पैसा वरच्या शिक्षणावर घालतं आणि खाली बहुजनांची पोरं अक्षरावाचून राहतात. प्राथमिक शाळेत काय शिकवावं तेही त्यांनी सांगितलं. मोडी आणि बाळबोध लिहिणं-वाचणं, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल-व्याकरण, आणि त्याबरोबर शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती, आरोग्य. शिक्षक कसा हवा? वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला ज्याला लाज वाटणार नाही असा. तुमच्या शाळेतल्या पंख्याची गोष्ट वाचली आणि मला तो वाकसच आठवला.

पुढे 1937 साली वर्ध्याला गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. कोठारी आयोगाने (1964–66) "कार्यानुभव" हा शब्द दिला. तो आमच्या वेळापत्रकात आला आणि त्याचं काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आठवड्याचा एक तास, बहुतेक शनिवारी. मेणबत्त्या, क्रेप पेपरची फुलं, भेटकार्डं. निम्म्या वस्तू आदल्या रात्री आयांनी केलेल्या, उरलेल्या दादरहून विकत आणलेल्या. घटक चाचणी जवळ आली की तो तास गणिताला जायचा, आणि कधी एकाही पालकाने तक्रार केली नाही. 2020 च्या शैक्षणिक धोरणात आता सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना आहेत. सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे जाऊन शिकायचं. चांगलं आहे. क्रेप पेपरची फुलं मात्र मी विसरलेले नाही.

इथवर वाचून तुमचे मिस्टर म्हणतील, बाईंना काय जातंय, पेन्शन घेऊन हातकामाचे गोडवे गायला! त्यांची बाजू मला ठाऊक आहे, कारण ती माझ्या वडिलांची होती.

माझे वडील परळच्या एका कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणायच्या मागांवर होते. त्या खडखडाटात शब्द ऐकू येत नसे. कामगार खुणांनी बोलायचे. घरी आले तरी ते ओरडूनच बोलत, आणि आम्ही ओरडून उत्तर देत असू. केसांत, भुवयांत कापसाचा भुगा. ते मला म्हणायचे, "शीक बाय, इकडे येऊ नको." 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि ते पुन्हा कधी साच्यावर उभे राहिले नाहीत. पुढच्या वर्षी मला शाळेत नोकरी लागली आणि त्या पगारावर आमच्या सहा माणसांच्या घरात चूल पेटत राहिली. तेव्हा शिक्षण पोटासाठी नसतं, ते मनाच्या विकासासाठी वगैरे असतं, असं कोणी भाषणात म्हणालं की मी टाळ्या वाजवत नाही. पोटासाठी असतंच. माझ्या वडिलांना ते पक्कं कळलं होतं.

आणि "बापाचंच काम शिक" यात एक सापळाही आहे. 1953 साली मद्रास राज्यात तिथले मुख्यमंत्री राजाजी, म्हणजे राजगोपालाचारी, यांनी एक योजना आणली. प्राथमिक शाळेतल्या मुलांनी अर्धा वेळ शाळेत शिकायचं, उरलेल्या वेळात घरचा धंदा. दिसायला केवढी शहाणी! पण न्हाव्याच्या पोराने वस्तरा आणि धोब्याच्या पोराने घाट, असाच तिचा अर्थ होत होता. लोकांनी तिला "कुलकल्वी" म्हणजे कुळाचं शिक्षण म्हटलं, मोठा विरोध झाला, आणि 1954 साली राजाजींनी मुख्यमंत्रिपद सोडल्यावर योजनाही गुंडाळली गेली. ज्यांच्या घराण्यावर पिढ्यान्‌पिढ्या एकच काम लादलं गेलं, त्यांच्यासाठी शाळा हा आधी बाहेर पडायचा दरवाजा असतो. त्या दरवाजात उभं राहून "कामाला लाज नसते" असं सांगणाऱ्याचा मला राग येतो.

म्हणून तुमच्या मिस्टरांचं "त्याने वायरी ओढायच्या नाहीत" हे मला चुकीचं वाटत नाही. चुकलं ते एवढंच की मास्तरांच्या एका वाक्याने त्यांनी स्वतःलाच पोराच्या शिक्षणातून वजा केलं. पोराने कालपर्यंत जे पाहिलं ते आजपासून लपवायची गोष्ट झाली. तो आता म्हणतो शाळेचा उपयोग काय. मला त्यात उद्धटपणा दिसत नाही, त्याने दोन बाजूंतली एक निवडलीय. दोन बाजू केल्या कोणी? आपणच.

त्याला मोबाईलबद्दल भाषण देऊ नका. एवढंच विचारा, मोबाईलने चुकीचं उत्तर दिलं तर तुला कळेल का? वीसमधून साडेतेरा गेले, उरले साडेतेरा, असं मोबाईलनेच लिहून दिलं तर? ते कळण्याएवढं तरी डोक्यात असायला लागतं, आणि ते उतरवून घेऊन येत नाही.

तुमच्या घरी जळका प्लग असेल. इलेक्ट्रिशियनच्या पिशवीत नसणार तर कुठे! गीझर 6 अँपिअरच्या साध्या सॉकेटला लावलेला, प्लास्टिक वितळून तपकिरी झालेलं, एक पिन काळी पडलेली. तो प्लग ताटाशेजारी ठेवा आणि पोराला विचारा, का जळला? तो सांगेल, "लोड जास्त झाला, सोळाचा पाहिजे होता." बरोबर. आता विचारा, किती जास्त? इथे तो थांबेल. मग वही काढायला सांगा. गीझर 2 किलोवॅटचा, म्हणजे 2000 वॅट. घरातला दाब 230 व्होल्ट. 2000 ला 230 ने भागलं की साधारण 8.7 अँपिअर. सहाच्या सॉकेटमधून पावणेनऊ. मग न वितळून जाईल कुठे! नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात धाराविद्युतचा धडा आहे, ओहमचा नियम तिथेच आहे, आणि विद्युतशक्तीचा हिशेब पुढच्या वर्षी दहावीला. म्हणजे जो धडा पेपरात त्याला अडवतो तो त्याच्या बापाच्या पिशवीत पडलेला आहे.

गणिताचंही तसंच. तुमचे मिस्टर वायरिंगचा भाव पॉइंटवर लावत असतील. एका खोलीत किती पॉइंट, एका पॉइंटला सरासरी किती वायर, बंडल 90 मीटरचं, तर किती बंडलं आणायची आणि किती उरतील? हे समीकरण आहे, फक्त त्यात क्ष लिहिलेला नाही. पुढच्या कामाचं एस्टिमेट पोराला लिहायला द्या. पहिल्यांदा चुकेल. चुकू दे, बाजारात जायच्या आधी वडिलांनी तपासायचं. वडिलांनीही एक कबूल करायला हरकत नाही, की अंदाजाने आणलेलं बंडल कधी कमी पडलंय आणि भुर्दंड स्वतःच्या खिशातून गेलाय.

पुढे त्याने काय व्हावं हे आज ठरवायची गरज नाही, आणि मला विचाराल तर मी सांगणारही नाही. रस्ते आहेत. दहावीनंतर आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा आहे, आणि डिप्लोमा चांगला झाला तर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. अकरावी सायन्स आहे. उद्या त्याला विजेचा कंटाळा येऊन तो कॉमर्सला जाईल, तेही चालेल. पण यातल्या एकाही रस्त्यावर 38 टक्के गणित घेऊन सुखाने चालता येत नाही. ज्याला वायरिंगचा नकाशा वाचता येत नाही तो हुशार असूनही दुसऱ्याचा हेल्पर राहतो. तुमच्या मिस्टरांनी साइटवर असे चार जण पाहिले असतील.

राहिले मास्तर. भांडायला जाऊ नका, गप्पही बसू नका. सभेच्या दिवशी नको, मधल्या एखाद्या दिवशी शाळा सुटताना दोघं जा आणि सरळ सांगा, "सर, त्या दिवशीचं वाक्य पोराच्या मनाला लागलं, आणि आमच्याही." एवढंच. बहुतेक मास्तर ओशाळतात, आमची जात तेवढी वाईट नाही. मग दुसरं वाक्य. धाराविद्युतचा धडा चालू होईल तेव्हा एक तास मुलाचे वडील वर्गात येऊन दाखवतील, चालेल का? एक लाकडी बोर्ड, त्यावर एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच), होल्डर, दोन सॉकेटं, आणि तो जळका प्लग. वीज जोडायची नाही, नुसतं हातात घेऊन समजवायचं. मिस्टर म्हणतील, मला कुठे वर्गात बोलता येतं? त्यांना सांगा, मलाही पहिल्या दिवशी येत नव्हतं, पाय लटपटत होते आणि खडू दोनदा मोडला. मास्तर नाही म्हणाले तर घरी चार मित्र बोलवा आणि ओट्यावर करा. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्रही एकदा दाखवा. रविवारी नका नेऊ, गर्दी फार असते.

आणि रविवारचं. पोराला पुन्हा बरोबर न्या, पण कामाला म्हणून नको, शिकायला म्हणून. चौदा-पंधराचा आहे तो. शाळा बुडवून एकही दिवस नाही. चढायचं नाही, चालू लाइनला हात लावायचा नाही. मेन बंद आहे का ते वडील तपासतील आणि मग पुन्हा त्याच्यासमोर टेस्टर लावून बघतील, दर वेळी. पायात चप्पल नको, रबरी तळव्याचे बूट हवेत. नसतील तर 1 लाख 40 हजारांतले आधी तेवढे खर्च करा.